जावई काहीही करत नाही

आमच्या जावयाला भारतातून घालवून देण्याचा प्रयत्न सरकारने कधीच केला नाही. तो मी केला.

जावई हॉलंडचा. नाव बास. (हे नाव ठेवताना त्याच्या आईवडिलांना मराठी पंगतीची कल्पना नसावी. आमच्या हिने जेवताना "बास!" अशी हाक मारली, की पाहुणी आलेली माझी मेहुणी वाढता वाढता भाताचं पातेलं घेऊन परत फिरायची. बिचारा पहिले आठ दिवस अर्धपोटी होता.) आमची एकुलती एक ऋतुजा तिकडे नोकरीला गेली आणि याच्याशी लग्न करून मोकळी झाली. तिला दिवस गेल्याचं कळताच हिने फोनवरूनच फर्मान काढलं, पहिलं बाळंतपण माहेरी. माहेर म्हणजे बोईसरजवळच्या नवापूरच्या अलीकडची आमची वाडी. नारळ, चिकू, दोन ओळी मोगरा आणि मिरची. बास तिकडे शाळेत भूगोल शिकवतो. त्याने लांब रजा काढली आणि एकच अट घातली, बाळ जन्माला येईल तेव्हा मी तिथे हजर असणार.

व्हिसा कोणता काढायचा यावर ऋतुजाचं म्हणणं सरळ होतं. बायको भारतीय असली की नवऱ्याला वेगळा व्हिसा मिळतो, कागद जास्त लागतात, पण तोच काढू. मी म्हटलं, कशाला एवढी यातायात? टुरिस्ट व्हिसा काढा, चटकन मिळतो. मुदत संपत आली की इथे वाढवून घेऊ, पालघरला माझी ओळख आहे. (पालघरला माझी ओळख आहे ती एका चष्मेवाल्याशी.) परदेशप्रवासाच्या बाबतीत घरात माझा शब्द चालतो, कारण मी नेपाळला जाऊन आलोय. तिथे व्हिसा लागत नाही ही गोष्ट मी कुणाला आवर्जून सांगितलेली नाही.

तर टुरिस्ट व्हिसावर सलग तीन महिने राहता येत होतं आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख ती मुदत संपल्यावर बारा दिवसांनी होती. ऋतुजाने मुदतवाढीचा अर्ज केला. लग्नाचा दाखला, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं जोडलं. आता राहिली होती फक्त घरी येऊन होणारी चौकशी. "बाबा, हवालदार आले तर विचारतील तेवढंच सांगा," तिने मला बजावलं, "आणि त्यातलंही निम्मंच."

हवालदार आले नेमके त्या दिवशी, जेव्हा ती, तिची आई आणि बास तपासणीसाठी बोईसरला गेले होते. घरी मी एकटा. माणूस भला होता. ओट्यावर बसला, शहाळं प्यायला, माझी ओळखपत्रं पाहिली, पाहुण्याच्या पासपोर्टाची प्रत पाहिली. मग सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "काका, पाव्हणे दिवसभर करतात काय हितं?"

आता याचं खरं उत्तर होतं, 'काही नाही.' सरकारलाही तेच हवं होतं, कारण पर्यटकाने काही करायचंच नसतं. पण तुम्हीच सांगा, मुलीच्या बापाने स्वतःच्या तोंडाने 'जावई काही करत नाही' असं म्हणायचं? आमच्याकडे या एका वाक्यावर सोयरिकी मोडतात! आणि ऐकणारा हवालदार, म्हणजे संध्याकाळपर्यंत ते बोईसरच्या नाक्यावर पोचणार. माझ्यातला सासरा जागा झाला.

"करतात काय म्हणजे? अहो, अख्खी वाडी तोच सांभाळतो," मी म्हणालो. मग मला थांबताच येईना. म्हटलं, सरसर माडावर चढतो. (चढला होता, एकदा, माझ्या कमरेइतका. नडग्या सोलून खाली आला.) शिंपणं त्याच्याकडे. (त्याने एक सकाळ पंप चालू ठेवून पुस्तक वाचलं, मोगरा दोन दिवस पाण्यात उभा होता.) संध्याकाळी गावातल्या पोरांची इंग्रजीची शिकवणी घेतो. (एक दिवस घेतली. पोरांना इंग्रजी आलं नाही, त्याला लगोरी आली.) हवालदार भराभर लिहीत होते. माणूस चांगलाच भारावलाय, असं मला वाटलं.

"पगार वगैरे काय?"

"पगार कसला? घरचाच माणूस."

"आणि राहणार किती दिवस?"

"आता कसले दिवस मोजता? घरजावईच समजा!"

त्यांनी तेही लिहिलं. मग सगळा जबाब मला वाचून दाखवला. मी त्यातल्या 'शीकवणी'ची वेलांटी दुरुस्त करून दिली आणि झोकात सही ठोकली.

मंडळी परतल्यावर मी हा पराक्रम रंगवून सांगितला. ऋतुजा पोटाला हात लावून हळूच खुर्चीत बसली. तिने मला विचारलं, टुरिस्ट व्हिसावर काम करायला बंदी असते, हे बाबा तुम्हाला माहीत आहे ना? मला नव्हतं. आता अर्ज फेटाळणार, ती म्हणाली. आणि मुदत संपूनही बास तसाच राहिला तर पुढच्या वेळी विमानतळावर उतरू देणार नाहीत, बाळाला भेटायला आलेल्या बापाला तिथूनच माघारी पाठवतील. हिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी नेपाळलाच राहायला हवं होतं असं मला वाटलं.

बासला आपल्यापुरतं मराठी कळत होतं. तो रागावला नाही, तेच वाईट झालं. "बाबा, मी माडावर चढत नाही," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "म्हणजे बाळ येईल तेव्हा मी नसेन?" मला इतकी लाज वाटली, की मी उठून मिरचीच्या वाफ्याकडे गेलो आणि उगाचच तिथे उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही परदेशी लोकांचे व्हिसा बघणारं पालघरचं ऑफिस गाठलं. टेबलामागे एक मॅडम होत्या. माझा जबाब त्यांच्यासमोरच होता. मी सांगितलं की तो खोटा आहे. त्यांनी विचारलं, मग जावई करतो काय?

"काही नाही," मी म्हणालो.

"मोठ्याने बोला."

"माझा जावई काहीही करत नाही, मॅडम."

बाकावर बसलेले चारजण वळून बघू लागले. एक बाई तर हळहळल्या. मॅडमना मात्र दया आली नाही. काल तुम्ही लिहून दिलंत तो सगळं करतो, आज म्हणता काही करत नाही, मग खरं कशावरून मानायचं, असं त्यांनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. माणूस काम करतो याचा पुरावा देता येतो, पण करत नाही याचा कुठून आणायचा? शेवटी त्या म्हणाल्या, हवालदार पुन्हा येतील, गावात विचारतील. निघताना त्यांनी ऋतुजाकडे पाहिलं आणि विचारलं, "पहिलंच ना?" तिने मान हलवली. मॅडमनी कागदावर काहीतरी खूण केली. मुदतीला पाच दिवस उरले होते.

मग मी जे केलं ते कुठल्याही सासऱ्याने केलं नसेल. मी घरोघर जाऊन लोकांना विनवलं, की बाबांनो, माझा जावई निरुपयोगी आहे असं सांगा. मला वाटलं होतं लोक आढेवेढे घेतील, शेजारधर्म पाळतील. कसलं काय! सगळे हौसेने तयार झाले. दोघातिघांनी तर सांगितलं की ते हेच आधीपासून म्हणत होते.

हवालदार आले. त्यांनी आधी बासचे तळहात उलटेपालटे करून पाहिले. लोण्यासारखे मऊ! माझा जीव थोडा भांड्यात पडला. मग त्यांनी जानकीला बोलावलं. जानकी डोंगराकडच्या पाड्यावरची, गेली अनेक वर्षं आमच्या वाडीत कामाला येते, हिला बाई म्हणते आणि मला भाऊ. वाडीत खरा अधिकार तिचाच.

"ह्ये गोरे पाव्हणे वाडीत काम करतात काय?" हवालदारांनी विचारलं.

"त्यो?" जानकी म्हणाली. "त्याला मिरची कुठली नि गवत कुठलं तेच कळत नाय. दोन वाफे रोपं उपटली माजी. मी त्याला हाताला धरून ओट्यावर बसवला न सांगितलं, हितंच बस, हालू नको. माणूस चांगला हाय. बसून ऱ्हायला."

बासने आनंदाने मान डोलावली. कुणी आपल्याबद्दल इतकं वाईट बोलावं आणि ते इतकं गोड लागावं, असा प्रसंग माझ्याही आयुष्यात तो पहिलाच. मी जानकीकडे कृतज्ञतेने बघत असतानाच हवालदारांनी सवयीने पुढचा प्रश्न विचारला, की मग वाडीतलं काम करतं कोण.

"मीच की. नि बाई करते."

"आणि हे काका?"

जानकीने क्षणभर विचार केला. खोटं बोलणं तिच्या रक्तात नाही.

"भाऊ पेपर वाचतान."

मी हवालदारांना म्हणालो, हे लिहायची गरज नाही. ते म्हणाले, जबाब पुरा लिवावा लागतो, काका. मी मोठ्या आशेने हिच्याकडे पाहिलं. हिने पुढे होऊन साक्षीदार म्हणून सही केली.

मुदतवाढ मिळाली, व्हिसा संपायच्या आदल्या दिवशी, तीन महिन्यांची. नात डॉक्टरांच्या तारखेच्या दोन दिवस आधीच आली. नर्सने तिला बाहेर आणून बासच्या हातात दिलं, तेव्हा तो हॉलंडच्या भाषेत काहीतरी पुटपुटत ढसाढसा रडला. मीही रडलो. वर्षभर माझ्याशी अबोला धरायचा निश्चय केलेली ऋतुजा त्या दिवशी माझ्याशी बोलली.

बारशाच्या आधी बासने अहवालाची प्रत मागून आणली, आठवण म्हणून. ऋतुजाने ती सगळ्यांसमोर वाचली. 'सदर परदेशी इसम कोणतेही काम करीत नसल्याची खात्री झाली. त्यांचे सासरे यांच्याबाबतही तशीच खात्री झाली.' माझा गोरा जावई हसत हसत मला मिठी मारायला आला, पण मी ती चटकन सोडवून घेतली. त्याचं ठीक आहे. त्याला काही न करण्याची परवानगी फक्त तीन महिन्यांची आहे. माझ्या नावापुढे मुदतीचा रकानाच कोरा सोडलाय, आणि हिने विचारल्याप्रमाणे, तो भरायला पालघरला कोण जाणार?