मामा मरतात तेव्हा

माझ्या थोरल्या मामांइतक्या वेळा मेलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. चाळीस वर्षं ते सिनेमात खलनायक होते, आणि खलनायकाला शेवटी मरावंच लागतं. गोळी, सुरा, कडा, विहीर, एकदा तर गुऱ्हाळ, सगळं झालं. मानपाड्याला भाजी घ्यायला गेले तरी भाजीवाली हक्कानं विचारायची, "काका, आता कशात मरताय?" मामा मान ताठ करून सांगायचे, "पुढच्या महिन्यात. पुलावरून पडतोय. चुकवू नकोस!"

मरण्याचा त्यांचा अभ्यास दांडगा. बाकीचे नट आधी मान टाकतात, मामा आधी पायाची बोटं सोडायचे. "मरण खालून वर येतं रे," असं मला बजावायचे, जणू काही मी उद्याच मरायला बसलोय! तालीम जेवताना. घास घेता घेता मामा आडवे झाले की आम्ही पोरं टाळ्या पिटायचो आणि मामी ओरडायची, "अहो, अन्नावर असले चाळे नकोत!" टेंभी नाक्यावर दहीहंडीला पाहुणे म्हणून गेले, तर गर्दी ओरडायला लागली, "मरून दाखवा! मरून दाखवा!" मामा कसले नाही म्हणतायत! फेट्या-शालीसकट स्टेजवर कोसळले. शिट्ट्यांचा पाऊस पडला. उठून बघतात तर मामीची खुर्ची रिकामी.

कारण मामीनं त्यांचं मरण कधी बघितलंच नाही. थिएटरात मामांच्या मागे पोलीस लागले, की ही पर्स उचलून बाहेर. "कपाळाला कुंकू लावून नवऱ्याचं मढं बघू? आग लागो त्या पिक्चरला!" मरणाचं शूटिंग करून मामा घरी आले, की उंबऱ्यातच मीठ-मोहऱ्या उतरवायची आणि गरम शिरा खायला घालायची, मगच आत घ्यायची. मामांना मात्र ते फार लागायचं. "अरे, माझं खरं काम त्या शेवटच्या पाच मिनिटांत असतं. जगानं बघितलं, हिनं नाही बघितलं. मग काय उपयोग?" असं म्हणताना त्यांचे डोळे भरून यायचे, आणि तो अभिनय नसायचा.

शेवटी म्हातारपणी त्यांनी हट्टानं एक न मरणारा आजोबा मिळवला. मामी पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसली. बाहेर येऊन म्हणाली, "हा तुमचा सगळ्यात चांगला पिक्चर." मामा भडकले, "अगं, ह्यात मी नुसता चहा पितो!"

गेल्या वर्षी मामा गेले. झोपेतच, तालीम-बिलीम काही न करता. फार चुटपुट लागली मला.

परवा मामीकडे गेलो तर टीव्हीवर मामांचा जुना सिनेमा लागलेला. पोलीस मागे लागले तसा मी घाईघाईनं रिमोट उचलला. "राहू दे रे," मामी म्हणाली. मामांना गोळी लागली. "बोटं बघ, आधी बोटं," ती पुटपुटली. मामा सावकाश, झोकात मेले. "किती छान करायचे रे! त्यांच्या शेजारी बसून बघायला हवं होतं मी," म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडलो.

मग ती उठली, आतून मूठभर मीठ-मोहऱ्या आणून टीव्हीवरून उतरवल्या, आणि डोळे पुसत रवा भाजायला गेली.