ताईच्या भुवयांवर चाललेली तालीम

चौकातल्या चष्म्याच्या दुकानदाराला सूर कळत नाही, हे त्याच्या घरात सगळ्यांना माहीत होतं; मान्य नव्हतं ते फक्त त्याला. शाळेत गाण्याच्या बाईंनी त्याला मागच्या रांगेत उभं करून सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव. याचा अर्थ त्याने असा लावला की आपल्यात अभिनय आहे. पन्नाशी ओलांडल्यावर त्याने मुलांसाठी एक संगीत नाटक लिहिलं, वाचनालयाच्या वरचा हॉल शनिवारी दुपारी मिळवला, चौदा-पंधरा मुलंमुली जमवली आणि गळ्यात मफलर गुंडाळून दिग्दर्शक झाला. भर उकाड्यातही मफलर उतरला नाही.

चाली लावायला आणि की-बोर्ड वाजवायला त्याने थोरल्या बहिणीला आणलं. ताई शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेली. तिने एकच अट घातली: मला बोलायला लावू नकोस, घसा दुखतो. ही अट त्याच्या चांगलीच पथ्यावर पडली.

पहिल्या तीन तालमी झकास झाल्या. मुलं बेसूर झाली की ताईच्या भुवया वर जायच्या. भुवया वर गेल्या की हा टाळी वाजवून गाणं थांबवायचा आणि सूर कुठे चाललाय म्हणून विचारायचा. भुवया जागेवर असल्या की डोळे मिटल्यासारखे करून मान डोलवायचा. मुलं वचकून असायची. एका पालकाने तर दुकानात येऊन सांगितलं की साहेब, तुमचा कान म्हणजे कमाल आहे. त्या दिवशी त्या गृहस्थांचा नंबर दोनदा तपासला गेला.

चौथ्या शनिवारी घोटाळा झाला. स्टेजजवळचा प्लग जळाला आणि शिपायाने की-बोर्ड नेऊन खांबामागच्या प्लगला जोडला. आता ताईचं फक्त कोपर दिसत होतं, आणि कोपरावरून काही सूर ओळखता येईना.

दिग्दर्शकाने अंदाजपंचे कारभार सुरू केला. नायिकेचं काम दातांना तारा लावलेल्या मुलीकडे होतं. सगळ्यांत सुरेल तीच. तिलाच त्याने तीनदा बेसूर म्हणून थांबवलं. कोरसमधल्या एका मुलाचा आवाज नुकताच फुटत होता, पुढचा सूर कुठून निघेल हे त्याचं त्यालाच ठाऊक नसायचं. त्याला पुढे बोलावून सगळ्यांनी याच्यासारखं गावं असं फर्मान निघालं. तो मुलगाच शरमला.  मधल्या सुट्टीत तारवालीने सगळ्यांना पाण्याच्या पिंपाशी गोळा केलं.

सुट्टीनंतर वादळाचं गाणं होतं. मुलांनी शब्द वादळाचे घेतले आणि चाल दुसऱ्या अंकातल्या अंगाईची. जहाज बुडतंय हे इतक्या मायेने आजवर कुणी सांगितलं नसेल. खांबामागचा की-बोर्ड पहिल्या ओळीलाच थांबला. दिग्दर्शक मात्र उठून उभा राहिला.

"हेच मी महिनाभर मागत होतो," तो म्हणाला. "आज कुठे चाल बसली."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"काका, चाल कुठली होती?" तारवालीने विचारलं.

"वादळाची."

"अंगाईची होती, काका."

त्याने खांबाकडे पाहिलं. तिथे आता कोपरही नव्हतं. मग घसा खाकरून त्याने सांगायला सुरुवात केली की आपल्याला सगळं कळलं होतं, तुमच्यात खरं कोण बोलतं तेवढं बघायचं होतं. तेवढ्यात ताई खांबामागून बाहेर आली.

"बाळू, पुरे," ती म्हणाली.

महिनाभरात ती एवढंच बोलली होती. तालीम तिथेच मोडली आणि मुलांना त्याचं घरचं नाव आयतं मिळालं.

घरी आल्यावर त्याने हल्लीच्या मुलांना वळण नाही हे बायकोला बराच वेळ समजावलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. शेवटी त्याने हळूच विचारलं की मी खरंच इतका वाईट गातो का.

"तुम्ही गुणगुणायला लागलात की मी मिक्सर लावते," ती म्हणाली.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. आपल्या घरात इतकं काय वाटतात, असा प्रश्न त्याला अधूनमधून पडायचा. आता तो सुटला. त्याने मफलर उतरवून घड्या घालायच्या कपड्यांत ठेवला.

पुढच्या शनिवारी हॉलच्या दारावर त्याच्या अक्षरातला कागद लागला: गाणी, चार ते पाच, ताई; हालचाली, पाच ते सहा, दिग्दर्शक. माफीबिफी कागदावर नव्हती. चार ते पाच तो जिन्यात बसू लागला. खरं सांगायचं तर हालचालींत तो बरा निघाला. जन्मभर लोकांच्या नजरेवरच पोट भरलेलं. शेवटच्या रांगेतून कोण दिसत नाही हे त्याला अचूक कळायचं. ज्याला हलवलं तो खरोखरच दिसू लागायचा. मुलं मुकाट्याने ऐकायची, फक्त पाठीमागे बाळूकाका म्हणायची.

दोन शनिवार असे गेले. तिसऱ्या शनिवारी तारवाली पाणी प्यायला बाहेर आली. त्याने पायरीवर थोडं सरकून जागा केली आणि दाराकडे एकदा पाहून खालच्या आवाजात विचारलं, "आत कसं चाललंय?"

"बरंय. कोरस दुसऱ्या कडव्यात खाली उतरतो."

बरोबर पाचच्या ठोक्याला तो आत गेला, मफलर सारखा केला आणि सगळ्यांवरून नजर फिरवली.

"दुसऱ्या कडव्यात कोरस खाली उतरतोय," तो म्हणाला. "माझ्या कानावर आलंय."

ताईला यात खोडण्यासारखं काही सापडेना. तिने दुसरं कडवं पुन्हा धरलं.