मदतीला असते

"तिला नको गं. ती आमच्याकडे मदतीला असते."

सासूबाई हे हसून म्हणाल्या. लंडनमधल्या, एजवेअरच्या घरात चैत्रातलं हळदीकुंकू होतं. पन्हं मी केलेलं. आंबेडाळ मी वाटलेली. शेजारच्या मराठी डॉक्टरांची मुलगी, इथेच जन्मलेली, कुंकवाचा करंडा घेऊन माझ्यासमोर आली होती. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

माझा नवरा स्वयंपाकघराच्या दारात वाटी घेऊन उभा होता. त्याने ऐकलं आणि डाळीचा घास घेतला.

लग्नाची बायको मी. कॉलेजात असताना आमच्या वस्तीत येऊन माझ्या आईच्या हातची भाकरी तो मागून खायचा. तेव्हा जात आड आली नाही. इथे तो हॉस्पिटलात डॉक्टर, मी त्याच्या व्हिसावर आलेली. ब्रिस्टलला होतो तोवर मी लॅबमध्ये कामाला जायचे. मग लंडनला आलो, त्याचे आईवडील राहायला आले, माझी नोकरी सुटली. आणि एक दिवस तो म्हणाला, "आपलं संपलंय." दुसरी आली होती, त्याच्या जातीतली. मला छोट्या खोलीत हलवलं.

"आईला बघ, स्वयंपाक बघ. कुठे बोलू नकोस. मी एक फोन केला की तुझा व्हिसा कॅन्सल."

चहा ढवळत म्हणाला. तेव्हापासून माझा कशावरच विश्वास उरला नाही. त्याने फोन उचलला की माझं लाटणं थांबायचं. दारात पोस्टमन दिसला की मी आधी पाकिटावरचं नाव बघायचे. सासूबाई गोड बोलल्या की वाटायचं, आज काय शिजतंय? गोरी शेजारीण नुसतं "यू ओके?" म्हणाली तरी संशय, ही कुणाला सांगणार? गावी बाबा सगळ्यांना सांगत फिरायचे, लेक लंडनला सुखात आहे. त्यांची मान खाली जाऊ नये म्हणून मी पोळ्या लाटत राहिले.

पण ती मुलगी हटेना. "बट मग ती कोण आहे? तिचा नाव काय?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं. त्याने वाटी खाली ठेवली आणि आत निघून गेला.

व्हिसा वाचवतेय असं मला वाटत होतं. वाचत होती ती ह्यांची मोलकरीण.

मी म्हणाले, "मी ह्यांची सून. नवऱ्याने टाकलेली. व्हिसाच्या धाकावर ठेवलेली."

दुसऱ्या दिवशी क्रॉयडनला, व्हिसाच्या सरकारी ऑफिसात गेले. ट्रेनमध्ये दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. काचेपलीकडच्या साहेबाला सांगितलं, लग्न मोडलंय, मी आता त्याची डिपेंडंट नाही. तोही संशयाने बघायला लागला. "असं स्वतःहून कुणी सांगत नाही. तुम्हाला काय हवंय?"

"त्याच्या हातातला फोन," मी म्हटलं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. "अगं, मी थोडाच फोन करणार होतो?" किती मऊ आवाज. त्या मऊपणावर मी थुंकते.

व्हिसा रद्द झाला. मी परत जातेय. वस्तीत विचारतील, तेव्हा बाबांच्या देखत सगळं सांगणार. पुन्हा इथे आलेच, तर माझ्या कामावर, माझ्या नावावर. आणि यापुढे कुणाचाही उंबरा ओलांडण्याआधी विचारणार, मला कोण म्हणून बोलावताय? उत्तर द्यायला जो चाचरेल, त्याच्या घरचं पाणी मी पिणार नाही.