चादरींचे मुके

मावशी चादरींचे मुके घेतात, ही कुजबुज साठ खोल्यांच्या त्या हॉटेलात पहिल्यांदा उठली ती इस्त्रीच्या टेबलावरून. इस्त्रीवालीने म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं: तळघरातल्या कपड्यांच्या खोलीत, दार लोटून, मावशींनी कोरी चादर गालाशी धरली होती आणि डोळे मिटले होते. संध्याकाळपर्यंत गोष्टीला हातपाय फुटले. दुसऱ्या मजल्यावर कधीकाळी एक पाहुणा महिनाभर राहून गेला होता, त्याचा वास मावशी अजून शोधतात. कोऱ्या चादरीत पाहुण्याचा वास कुठून येणार, हे कुणी विचारलं नाही. बातमीची मजा घालवायची हौस कुणाला असते?

त्यात मावशींचा नवरा. निवृत्त ट्रकचालक. रोज सकाळी फाटकापर्यंत सोडायला यायचा आणि भर रस्त्यात बायकोच्या कामावरच्या कोटाची बटणं लावून द्यायचा. सावकाश, वरपासून खालपर्यंत.

"साठीला आले, पण थेर बघा!" इस्त्रीवाली म्हणायची.

"तुझा लावत नाही म्हणून तुला ठसका लागतो का गं?" मावशी विचारायच्या आणि वाफाळत्या चहाचा स्टीलचा पेला मुठीत धरून निघून जायच्या. त्यांचे हात आहेत की सांडशी, यावरही तळघरात चर्चा व्हायची.

मावशी एकोणीस वर्षं धुलाईत होत्या, ब्लीचच्या हौदावर. मग जुन्या मॅनेजरने त्यांना चादरी निवडायला बसवलं, कारण त्यांनी बरी म्हटलेली चादर शंभर धुण्यांनंतरही बरीच राहायची. मावशींचं शास्त्र सोपं होतं. "दुकानातली चादर म्हणजे नटून बसलेली नवरी. आपण सासूच्या नजरेनं बघायचं. तोंड धुतल्यावर काय उरतं?"

नवे मॅनेजर काळ्या कोटात आले. एरवी तळघरातली तक्रार वर पोचायला महिना लागतो. ही कुजबुज दोन दिवसांत पोचली. त्यांनी मावशींना बोलावलं. टेबलावर तीन पांढऱ्या चादरी होत्या, लेबलं कापलेल्या. शेजारी कापडाचा व्यापारी.

"दोनशे चादरी घ्यायच्यात," मॅनेजर म्हणाले. "यातली एक निवडा. माझ्यासमोर, हातानं. पाहुण्यांच्या चादरीला तोंड लावलेलं मला चालणार नाही. जमलं नाही तर उद्यापासून पुन्हा धुलाईत."

धुलाई म्हणजे पुन्हा तो हौद.

"हात लावून तर बघा, ताई," व्यापारी म्हणाला. "लोणी आहे, लोणी!"

मावशींनी तिन्ही चादरींवरून हात फिरवला, सारख्याच संथपणे. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"लोणी आहे खरं. पण कढवल्यावर किती उरतं ते बघू. साहेब, जरा बाही पुढे करता?"

पहिली चादर त्यांनी त्या काळ्या बाहीवर धरून खसाखसा चोळली. बाहीवर पीठ सांडल्यासारखा भुगा पडला.

"खळ," मावशी म्हणाल्या. "सगळी जाडी खळीची. चार धुण्यांत मच्छरदाणी होईल."

मॅनेजर बाही झटकत राहिले. उरलेल्या दोन चादरी मावशींनी खिडकीच्या उजेडात धरल्या. वीण दोन्हींची घट्ट, धागे दोन्हींचे एकसारखे. गाल लावला असता तर एका श्वासात निकाल लागला असता. त्यांनी काठातून एक धागा ओढायला घेतला. चिमटीतून तो निसटला. पुन्हा निसटला. मॅनेजर बघत होते.

"शेठ," मावशी व्यापाऱ्याकडे वळल्या, "तुमची नखं अगदी राजेशाही. दोन्हींतून एकेक धागा काढा बघू. आणि साहेब, लायटर तुमचा. मी पेटवलं तर म्हणाल, म्हातारीनं हातचलाखी केली."

दोन मोठी माणसं मुकाट्याने कामाला लागली. एक धागा कागदासारखा भुरकन जळाला, मागे चिमूटभर राख. दुसरा जळता जळता आक्रसला आणि त्याच्या टोकाला काळा, कडक मणी जमला.

"मणी म्हणजे पॉलिस्टरची भेसळ. पाहुण्याला रात्रभर घाम आणि सहा महिन्यांत चादरीवर गोळे. राखवाली घ्या."

"अहो ताई, त्या दुसरीच्या कापलेल्या लेबलवर धाग्यांचा आकडा सहाशे आहे!"

"आकड्यावर झोपायचंय का, शेठ?"

राखवाल्या चादरीच दोनशे आल्या. कागदावर सही करताना मॅनेजरनी विचारलं, "मग ते गालाला लावणं कशासाठी?"

"सवय, साहेब."

पुढची चार वर्षं, निवृत्तीपर्यंत, मावशी त्याच खोलीत दार लोटून बसल्या, आणि कुजबुजही तितकीच वर्षं टिकली.

खरं होतं ते एवढंच. ब्लीचने आणि वाफेने मावशींच्या दहाही बोटांची टोकं बधिर झाली होती. कापड कळायचं ते गालाला. बटणं नवरा लावायचा.