एका नावाची दोन घरं

ताई गेल्याचं मला शाळेत कळलं. कल्याणला माझा तास चालू होता. मोठ्या बाई वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा बघूनच मी खडू खाली ठेवला. डोंबिवलीच्या खोलीत, सकाळी भाजी चिरता चिरता... हृदय थांबलं म्हणे. पुढच्या आठवड्यात ठाण्याला तिच्या कचेरीत शोकसभा झाली. "इंदूबाईंचं अक्षर फार सुंदर होतं," साहेब म्हणाले, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. माझी मोठी बहीण आयुष्याच्या शेवटी नुसतं अक्षर होऊन उरली होती, आणि तिला तसं कुणी उरवलं ते मला ठाऊक होतं.

लढाई संपून वर्षं लोटली तरी रॉकेल कार्डावरच मिळायचं. कळव्यात विजेच्या तारा पोचल्या तसा हुकूम निघाला : ज्याच्या घरी वीज, त्याचं रॉकेल कमी. वीजवाल्यांची यादी खांबाच्या नंबरानं, ताईच्या पुरवठा कचेरीची रॉकेलच्या दुकानाप्रमाणे. दोन्हींत सारखं काय, तर माणसाचं नाव. आणि गावात महादू पाटील किती तरी! दोन्ही याद्या जुळवायचं काम ताईकडे आलं. ती म्हणाली, घरी जाऊन बघितल्याशिवाय कसं जुळवायचं? साहेब हसले. "इंदूबाई, तुम्ही आपल्या टेबलावर बसून जुळवा."

मग ती रविवारी स्वतःच जाऊ लागली. कधी मीही सोबत असे. वडिलांचं नाव काय, पाणी कुठल्या विहिरीचं, असं विचारत ती दारोदार फिरे. मिठागरावर राबणाऱ्या एका महादूची बायको, हिरा, तिला हाताला धरून आत घेऊन गेली. "बग बाय, आमचे घरान कुठं हाय विजेचा दिवा?" आत एक काजळलेला कंदील होता, बस्स. वीज होती त्याच नावाच्या जमीनदाराकडे. आणि रॉकेलही त्याला पुरं मिळत होतं, कारण कार्ड भावाच्या नावावर. ताईनं सगळं लिहून दिलं. तो जमीनदार कचेरीत येऊन साहेबांना भेटून गेला... नुसत्या नावांवर जुळवलेली यादी मंजूर झाली, आणि रॉकेल तुटलं ते हिराचं.

त्या श्रावणात, दिवेलागणीला, त्या काळोख्या घरात हिराच्या धाकट्या मुलीला पान लागलं. साप कुणाला दिसलाही नाही. पोर गेली.

"साहेब, ते घर मी पाहून लिहिलं होतं," ताई म्हणाली.

"मग साप काय आम्ही सोडला?"

त्यानंतर तिला नकला उतरवायला बसवलं, ते कायमचं. घरी मी समजूत घालायला गेले तर माझ्यावरच उखडली. "तू पोरांना शिकवतेस ना, खरं बोलावं म्हणून? पुढे काय होतं तेही शिकव."

तरी कळव्याच्या बायका तिच्याकडे येत राहिल्या. ताई त्यांना अर्ज लिहून देई, चहा देई. तिच्या हातात दुसरं काही नव्हतंच. परवा मी तिची खोली आवरत होते, तर दारात हिरा. तिला काहीच कळलं नव्हतं. मी सांगितलं, तशी ती उंबऱ्यावरच बसली. तिनं पदर डोळ्यांना लावला.

"मंग आता आमी कोनाला सांगाचा?" तिनं विचारलं.

मी चहा ठेवला. खोली या महिन्यात रिकामी करून द्यायची आहे.