तुळशीचा मध

हसणार नसाल तर सांगतो. पण तुम्ही हसणारच, म्हणून आधी तो चहा संपवा, नाहीतर नाकातून येईल!

अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवची गोष्ट. आम्ही कुवेतमध्ये मंगफला राहायचो. नोकरी रिफायनरीत आणि छंद कसला, तर मधमाश्या पाळायचा! गच्चीवर दोन पेट्या होत्या. तिथल्या उन्हाळ्यात माझ्या माश्या जगल्या, याचा मला इतका गर्व की लोक मला बघून रस्ता बदलत.

ऑक्टोबरात ऊन जरा माणसात आलं की पेट्यांची कामं निघतात. चौकटी साफ करायच्या, अशक्त माश्यांना साखरेचा पाक पाजायचा. त्याचा एक नियम आहे. पाक ठेवण्याआधी पेटीचा वरचा, मधाचा मजला उतरवायचा. नाहीतर माश्या पाकच वर नेऊन भरतात आणि आपण त्याला मध म्हणतो. हा नियम मी भेटेल त्याला ऐकवायचो.

त्या वर्षी मंडळाच्या दिवाळीसाठी वंदनानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, ढीगभर गुलाबजाम केले. पातेलंभर पाक उरला. केशर-वेलदोडा घातलेला!

"अहो, ओतून देऊ का हा?"

"वेडी आहेस का? माश्यांना घालू!"

मराठी माणूस पाक फेकतो का कधी? पाणी घालून पातळ केला, पेटीत ठेवला आणि शटडाउनच्या कामाला पळालो. वरचा मजला? साफ विसरलो!

पुढे थंडीत मधाचं प्रदर्शन होतं. मी माझी बरणी घेऊन हजर! परीक्षक होते अबू सालेम. तरुणपणी खजुराच्या व्यापारासाठी मुंबईत राहिलेले, त्यामुळे हिंदी फर्डं. त्यांनी माझा मध चाखला आणि डोळेच मिटले.

"भाई, ऐसा शहद कभी नहीं चखा! कौन सा फूल है?"

कौन सा फूल! मला काय ठाऊक? पण गप्प बसेन तो मी कसला? गॅलरीतली तुळस आठवली आणि दिलं ठोकून, "तुलसी!"

"माशाल्ला! पहला इनाम तुम्हारा। बस, एक बार वो पौधा देखना है। कल घर आता हूँ।"

मेलो! आमची तुळस म्हणजे तुपाच्या डब्यातली एक काडी. माशी बसली तर वाकेल अशी. सकाळी उठून मी मंगफमधल्या यच्चयावत मराठी घरांची दारं ठोठावली. "वहिनी, तुळस देता का? संध्याकाळी परत आणतो!"

"भाऊजी," एक वहिनी काळजीनं म्हणाल्या, "तुळशीचं लग्न होऊन गेलं हो!"

दुपारपर्यंत गच्चीवर तुळशीचं रान उभं. अबू सालेम आले, पाहून हरखले. मी प्रत्येक कुंडीची ओळख करून दिली, जणू माझीच लेकरं! बक्षीस खिशातच होतं म्हणा ना.

खाली घरात आलो. एवढा मोठा पाहुणा, म्हणून वंदनानं खास बेत केला होता. वाटी पुढे आली. अबू सालेमनी आधी चमचाभर पाक चाखला.

डोळे मिटले. अगदी कालच्यासारखेच!

मग उघडले. वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत वाटीकडे. आणि तेव्हा, मंडळी, तेव्हा मला ते पातेलं आठवलं. पाठोपाठ न उतरवलेला मजलाही आठवला.

"भाई," अबू सालेम गंभीरपणे म्हणाले, "ये तुलसी तो हमने मुंबई में भी बहुत खाई है!"

आणि असे हसले, असे हसले की डोक्यावरच्या रुमालानं डोळे पुसायला लागले. वंदनाला काही कळेना. ती आपली आग्रह करतेय, "और लीजिए ना!" त्यांनी घेतले. चार घेतले!

पहिलं बक्षीस अर्थातच दुसऱ्याला गेलं. परत करताना उसन्या कुंड्यांचीही अदलाबदल झाली, आणि कोणाची तुळस कोणाकडे यावरून वहिन्या महिनाभर मला शोधत होत्या. त्यातून गोष्ट फुटली ती फुटलीच.

तेव्हापासून मंगफमध्ये कुणाकडे गुलाबजाम केले की मला हमखास फोन यायचा, "भाऊजी, लवकर या, तुळस फुललीय!"