उंच माणसाच्या कड्या

"हात मागे!"

कपाटातून रायफल काढायच्या आधी काकू हे म्हणणारच. समोर जावई असो, नाहीतर मी. जपानात बंदुकीला हात लावायचा तो फक्त जिच्या नावावर परवाना आहे तिने, बाकीच्यांनी लांबून बघायचं. मग मी त्यांच्या स्वयंपाकघरात मास्तरीणबाईंनी दटावलेल्या मुलीसारखी हात पाठीमागे बांधून बसायची. मला तसंही ते सोयीचंच होतं. आमच्या घरात पिंजऱ्यात सापडलेला उंदीरसुद्धा वडील टेकाडावर नेऊन सोडून येत. मी कसली बंदुकीला हात लावते!

त्यांचं नाव इथे सांगत नाही, त्यांना आवडायचं नाही. तोंडावर मी त्यांच्या आडनावाला रीतसर "सान" जोडायची, मनात मात्र त्या काकूच होत्या. सेंदाई शहर जिथे संपतं आणि बस वळसा घेऊन परत फिरते, तिथे त्यांची भातशेती. माझा नवरा विद्यापीठात संशोधन करायचा आणि मी शेतकऱ्यांच्या भाजीच्या दुकानात आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी करायची. काकू रोज सकाळी तिथे मुळे आणि कांद्याची पात आणून टाकत.

आमची ओळख माझ्या टिकलीने करून दिली. दिवाळीला मी हौसेने साडी नेसून, कपाळावर चंद्रकोर लावून कामावर गेले होते. काकूंनी मुळ्यांची टोपली खाली ठेवली, माझ्या कपाळाकडे निरखून पाहिलं आणि कळवळून विचारलं, "डोळा फार जवळ नेलात का?"

मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. रायफल उडाली की मागे धक्का मारते. डोळा दुर्बिणीच्या फार जवळ असला, तर तिची कड कपाळावर बसते आणि अशीच कोर उमटते. त्यांच्या नवऱ्याच्या भुवईवर ती जन्मभर होती. मी टिकली काढून त्यांच्या हाताच्या पाठीवर चिकटवली, तेव्हा त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दिवसभर ती टिकली हातावर मिरवत हिंडल्या, असं नंतर कळलं.

काकूंचा नवरा त्याआधीच्या वर्षी गेला होता. दोघं मिळून शिकारीला जात, त्याच्याकडे रायफल आणि यांच्याकडे छऱ्यांची बंदूक. त्याच्या माघारी रायफल बंदुकांच्या दुकानात राखून ठेवलेली होती. पुढच्या उन्हाळ्यात परवाना काकूंच्या नावावर झाला आणि ती घरी आली. वर त्याची दुर्बीण, आणि दुर्बीण धरून ठेवणाऱ्या त्याच्याच दोन कड्या.

घोडं पेंड खात होतं ते या कड्यांपाशी. नेमबाजीच्या मैदानावर काकूंची एकही गोळी धड जाईना. दुकानदार त्यांना म्हणाला, "या कड्या उंच माणसाच्या आहेत. त्यांची मान लांब होती. तुमचा गाल लाकडावर टेकतच नाही, टेकते ती हनुवटी. मग डोकं हलतं. आधी गाल, मग डोळा." आणि बुटक्या कड्या घ्या, असं सुचवलं.

काकू सरळ नाही म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी रायफलच्या लाकडी दस्त्यावर पंचा गुंडाळला, गाल उंच व्हावा म्हणून. पंचा घसरला. दुसरा गुंडाळला, तोही घसरला.

"कड्या बदला की," मी म्हटलं.

"त्याने बसवून दिल्यात. मी कशाला काढू?"

आपल्याकडेही गेलेल्या माणसाचा चष्मा वर्षानुवर्षं त्याच्या जागी असतोच.

पण रानडुकरांना कसलं आलंय सुतक! त्या वर्षी कापणीच्या तोंडावर कळप टेकडीवरून उतरला आणि निम्म्या भातात लोळून गेला. डुक्कर भात खातं त्याचं काही नाही हो, पण ते लोळलं की त्याचा वास दाण्यात उतरतो आणि तो तांदूळ कोणी घेत नाही. लेक योकोहामाहून फोन करत होती, आई आता पुरे, खोली तयार आहे. काकू बांधावर उभ्या राहून मला म्हणाल्या, "या हिवाळ्यात वरचा कळप कमी झाला नाही, तर वसंतात रोपवाटिकेत भाताची रोपं सांगणार नाही. शेत सोडीन आणि योकोहामाला जाऊन लिफ्टमधून वर-खाली करत बसेन." त्या हसल्या. मला हसू आलं नाही. त्या बांधावाचून त्या कशा दिसतील, हेच मला डोळ्यांपुढे आणता येईना.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला चहाला बोलावलं. "हात मागे!" झालं. टेबलावर नव्या कड्यांचे दोन जोड होते, एक अगदी बुटका आणि एक मधला. काकूंनी स्क्रू सैल करून जुन्या उंच कड्या काढल्या, थोडा वेळ तळहातावर धरल्या आणि चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवून झाकण लावलं. एवढंच. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

मग निवड सुरू झाली. कडी होता होईल तो बुटकी हवी, पण दुर्बिणीचं पुढचं रुंद तोंड बंदुकीच्या नळीला टेकता कामा नये. अगदी बुटक्या जोडावर मधून कागदाची पट्टीही सरकेना. मधल्यावर सहज सरकली. "हा," काकू म्हणाल्या.

मी सहज बोलून गेले की उद्या आमची खंडेनवमी, आम्ही शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा करतो. काकू एकदम सरळ बसल्या. "रायफल देता येणार नाही. कड्या घेऊन जा."

घरी मी पाटावर विळी, नवऱ्याचा लॅपटॉप आणि त्या कड्या मांडल्या. हळदकुंकू वाहिलं, आणि देवाच्या बाबतीत हात कशाला आखडता घ्यायचा, म्हणून तेलात कालवलेलं कुंकू कड्यांना आतून-बाहेरून छान माखलं. वर झेंडूचं फूल.

दुसऱ्या दिवशी कड्या डबीत घालून परत नेल्या. ती उघडल्यावर काकूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. कडीच्या आत तेलाचा अंशही चालत नाही. धक्क्याबरोबर दुर्बीण पुढे सरकते आणि नेम जातो. त्यांनी स्पिरिटचा बोळा घेऊन कड्या आतून लख्ख पुसल्या. बाहेरचं पुसायची वेळ आली तेव्हा थांबल्या आणि खालच्या अंगाला एक ठिपका तसाच ठेवला.

"आत कोरडं हवं. बाहेर तुमचा देव राहू दे."

मग रायफल तांदळाच्या दोन पोत्यांवर आडवी ठेवली. दुर्बीण कड्यांत सैल बसवली. काकूंनी डोळे मिटले, गाल लाकडावर टेकवला, आणि मग डोळे उघडले. दुर्बिणीतलं वर्तुळ पूर्ण दिसलं पाहिजे, कडेला काळी सावली नको. दुर्बीण बोटभर मागे, मग जराशी पुढे. परत डोळे मिटले. मला काम मिळालं ते मागच्या अंगणात दोऱ्याला कांदा बांधून टांगायचं. तो ओळंबा. दुर्बिणीतली उभी रेघ त्या दोऱ्याशी जुळवायची. रायफल रिकामी होती, तरी मी बाजूला होईपर्यंत त्यांनी तिचं तोंड जमिनीकडेच ठेवलं. शेवटी स्क्रू, या कोपऱ्याचा थोडा, मग समोरच्या कोपऱ्याचा थोडा, गोधडीला टाके घालतात तसे.

दोन दिवसांनी त्यांचा मैदानावरून फोन आला. नेम लागला का, हे त्या बोलल्याच नाहीत.

"गाल टेकला," एवढंच म्हणाल्या.

तो हिवाळा त्यांनी शिकारी मंडळींबरोबर टेकडीवर काढला. पडलेल्या प्रत्येक डुकरासमोर त्या हात जोडत, असं त्यातले एकजण दुकानात सांगत होते. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि उंदीर सोडायला जाणारे वडील आठवले. बर्फ वितळलं तेव्हा काकू मुळ्यांची टोपली घेऊन आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "रोपं सांगितली." मी गिऱ्हाइकांसमोर त्यांना मिठी मारली. जपानात असं कोणी करत नाही. त्या खांबासारख्या ताठ उभ्या राहिल्या, पण बाजूला झाल्या नाहीत.

त्याच उन्हाळ्यात नवऱ्याला तोक्योत नोकरी लागली आणि आम्ही हिगाशी-कसाईला, भारतीयांच्या वस्तीत, आलो. इथे खाली उतरलं की कोथिंबीर मिळते, मराठी कानावर पडते. "हात मागे" म्हणणारं मात्र कोणी नाही.

परवा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कुरिअरने खोकं आलं. आत नवा तांदूळ. मी मूठभर घेऊन नाकाशी धरला. वास फक्त तांदळाचा होता. पोत्याच्या तळाशी चहाचा डबा होता, आणि डब्यात त्या दोन उंच कड्या. फोन केला, तर काकू घाईत होत्या, कापणी अजून उरली होती.

"त्यांचीही पूजा करा," त्या म्हणाल्या. "आणि यांना आतून लावलं तरी चालेल."